महागडी दुनळी आणि गोव्याची हवा: जादा पैसे नेमके कशाचे?

चांगल्या दुनळीचा (दोन नळ्यांच्या छऱ्यांच्या बंदुकीचा) जोड बसवताना कारागीर अजूनही दिव्याची काजळी वापरतो. नळ्यांच्या मागच्या सपाट तोंडावर आणि खालच्या हुकावर काजळीचा पातळ थर द्यायचा, बंदूक मिटायची, उघडायची आणि काजळी कुठे पुसली ते बघायचं. पुसली तिथे पोलाद पोलादाला टेकलं. काळं राहिलं तिथे फट आहे. टेकलेल्या जागेवरून बारीक कानशीने किंचित काढायचं, पुन्हा काजळी द्यायची, पुन्हा मिटून बघायचं. सगळ्या तोंडावरची काजळी सारखी पुसली जाईपर्यंत हे चालूच राहतं. महागड्या बंदुकीच्या किमतीतला जो भाग खरोखर मोजण्यासारखा आहे, तो मुख्यतः या न दिसणाऱ्या कामात गेलेला असतो. बाकीचे पैसे कुठे जातात आणि गोव्यातल्या परवानाधारकाने ते द्यावेत का, याचा हिशेब इथे मांडला आहे.

विषय बारा बोरच्या दुनळीपुरता ठेवला आहे, कारण सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या भागांत कुळागर (पोफळीची बाग) आणि काजूचे डोंगर राखणाऱ्यांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बरेचदा हे हत्यार असतं. ते तीन वाटांनी हाती येतं. एक, आजोबा-पणजोबांपासून घरात असलेली बंदूक. दोन, परवानाधारक विक्रेत्याकडची जुनी विलायती. तीन, मुंगेर किंवा जम्मूकडच्या खाजगी कारखान्यांतली नवी भारतीय दुनळी. शस्त्र कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच बंदुका ठेवता येतात. म्हणून चुकीच्या बंदुकीत पैसे तर जातातच, शिवाय परवान्यावरची जागाही अडते.

भारतातल्या भावाचं एक वैशिष्ट्य आधी लक्षात घ्यायला हवं. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करणं जवळपास बंद झालं. नामांकित नेमबाजांना तेवढी सवलत आहे. त्यामुळे देशात त्याआधी आलेला विलायती माल तेवढाच फिरत राहिला आणि त्याचे भाव चढत गेले. इंग्लंडमध्ये साध्या बॉक्सलॉक (बार उडवणारी यंत्रणा, म्हणजे कळ, मधल्या लोखंडी पेटीत असलेल्या) जुन्या दुनळ्या आज फार स्वस्तात निघतात, कारण तिथे त्यांना गिऱ्हाईक कमी आहे. तीच बंदूक इथे कितीतरी पट भावाने विकली जाते. हा फरक कारागिरीचा नाही, टंचाईचा आहे. विक्रेता ‘विलायती आहे’ म्हणून जो भाव सांगतो, त्यातला मोठा हिस्सा या टंचाईचा असतो हे ओळखूनच बोलणी करावीत.

वरच्या टोकाला लंडनची घराणी आहेत. पर्डी १८१४ सालची, हॉलंड अँड हॉलंड १८३५ सालची. त्यांच्या नव्या साइडलॉक दुनळीची किंमत एक लाख पौंडांच्या वर जाते आणि एकेका बंदुकीवर शेकडो तास हातकाम होतं. त्या तासांतले बरेच तास वर सांगितलेल्या काजळीच्या कामात, नळ्या आतून घासून सरळ करण्यात आणि कळीच्या भागांच्या घडाईत जातात. उरलेले नक्षीत आणि लाकडात. साइडलॉकमध्ये दोन्ही बाजूंच्या लोखंडी पट्ट्यांवर कळ बसवलेली असते. पट्टी काढली की घोडा, कमान (स्प्रिंग), चढलेला घोडा धरून ठेवणारी अडकण, सगळं डोळ्यांपुढे. तिचा खरा फायदा म्हणजे जादा अडसर. हादरा बसून मुख्य अडकण सुटली तरी हा दुसरा अडसर घोड्याला मध्येच धरतो. चाप ओढल्याशिवाय तो बाजूला होत नाही. बॉक्सलॉकमधली सेफ्टी बहुतेक वेळा फक्त चाप अडवते, घोड्याला धरत नाही. दगडधोंड्यांच्या उतारावर बंदूक हातातून निसटली तर हा फरक महत्त्वाचा ठरतो. साइडलॉकसाठी मोजलेल्या पैशाचं हे सर्वांत भक्कम समर्थन आहे.

पण कामाची बंदूक म्हणून साइडलॉक गोव्यात सुचवावीशी वाटत नाही. पट्ट्यांसाठी लाकूड खोलवर कोरलेलं असतं, दस्त्याचं डोकं पातळ राहतं आणि चिरा तिथूनच सुरू होतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, पट्टीच्या कडेचा ताण दर वर्षी बदलतो. शिवाय चांगल्या साइडलॉकच्या कमानी इंग्रजी व्ही अक्षरासारख्या घडीच्या असतात. त्या चटकन काम करतात, पण मोडल्या तर नवी कमान घडवून, पाणी देऊन, मऊ करून बसवणारा हात लागतो. असा कारागीर आज मिळणं दुर्मीळ. बंदूक राज्याबाहेर दुरुस्तीला न्यायची तर परवान्याची हद्द आणि वाहतुकीची परवानगी बघावी लागते. कुळागर राखणाऱ्याला यातलं काहीच परवडणारं नाही.

त्यापेक्षा बॉक्सलॉक. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यातल्या ॲन्सन आणि डीली या दोघांनी १८७५ साली हिचं पेटंट घेतलं. नळी खाली पडते तेव्हा तिच्याच वजनाने आणि तरफेने आतले घोडे चढतात. भाग मोजके, दस्त्याचं डोकं जाड, लाकडाला आधार जास्त. सुमारे दीडशे वर्षं झाली तरी जगातल्या बहुतेक आडव्या दुनळ्या याच आराखड्यावर बनतात, यातच तिचं प्रमाणपत्र आहे. वेब्ली अँड स्कॉटची साधी बॉक्सलॉक, बेल्जियममधल्या लिएजची मध्यम प्रतीची, स्पेनच्या एबारची. या वर्गात पैशाच्या मानाने सर्वांत जास्त बंदूक मिळते. साध्या एक्स्ट्रॅक्टरची (काडतूस नुसतं वर उचलणारी) मिळत असेल तर तीच घ्या. एजेक्टर झाडलेलं काडतूस बाहेर फेकतो, पण त्याची कळ फोरएंडच्या (नळ्यांखालच्या पुढच्या भागाच्या) लाकडात लपलेली असते आणि गंज तिथेच आधी पोचतो. कुळागरात दोन बार काढून थांबणाऱ्याला काडतूस बोटांनी काढायला किती वेळ लागतो?

जुन्या बंदुकीवर जे नाव कोरलेलं असतं त्यावर भरवसा ठेवू नका. लिएजहून ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ नावाने असंख्य बंदुका निघाल्या; वाचणाऱ्याला वेस्टली रिचर्ड्स वाटावं हाच हेतू. काही बंदुकांवर ‘लंडन’ हा शब्दही नंतर कुणीतरी कोरलेला असतो. खरी ओळख नळ्यांच्या खालच्या बाजूला, प्रूफच्या (जादा दाबाच्या चाचणीच्या) छापांत असते. नळ्या काढून उलट्या धरा. बर्मिंगहॅमच्या १९०४ ते १९५४ या काळातल्या बंदुकीवर मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि बिनधुराच्या दारूसाठी एनपी असे छाप दिसतात. बेल्जियन बंदुकीवर अंडाकृतीत ईएलजी आणि त्यावर मुकुट असतो. बिनधुराच्या दारूच्या चाचणीचा छाप म्हणजे सिंह आणि पीव्ही. यातला बिनधुराच्या दारूचा छाप नसेल तर ती बंदूक काळ्या दारूच्या जमान्यातली समजावी. आजचं कुठलंही काडतूस तिच्यात घालू नये, मग नळ्यांवरची पिळाची नक्षी कितीही देखणी असो. पीळ देऊन, पट्ट्या गुंडाळून, जोडून घडवलेल्या त्या दमास्कस नळ्या भिंतीवर शोभतात. जोडांतल्या बारीक फटींत आतून गंज किती खोल गेला आहे, हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही.

छापांसोबत बोअरचा (नळीच्या आतल्या व्यासाचा) आकडाही असतो. बारा बोर म्हणजे एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास, तो, सुमारे १८.५ मिलिमीटर. प्रूफच्या वेळी मोजलेल्या आकड्यापेक्षा आजचा बोअर ०.२ मिलिमीटरहून जास्त भरला तर इंग्लिश नियमाने ती बंदूक प्रूफबाहेर गेली. असं होतं कशाने? आतले गंजाचे खड्डे घालवायला कुणीतरी नळी आतून घासून चकचकीत केलेली असते. आरशासारखी नळी बघून गिऱ्हाईक भुलतं, पण घासलेलं पोलाद गेलं ते भिंतीतून. भिंतीची जाडी मोजायचं वेगळं मापक येतं. ब्रीचपासून (नळीच्या मागच्या टोकापासून) साधारण ९ इंचांच्या पुढे नळी सर्वांत पातळ असते, तिथे ०.५ मिलिमीटरपेक्षा कमी जाडी भरली तर बंदूक परत करा. विक्रेत्याकडे मापक नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून मोजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या महागड्या बंदुकीत घासलेल्या नळीइतका मोठा दोष दुसरा नाही, आणि डोळ्यांना तो गुणासारखा दिसतो.

चेंबरची (नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेची) लांबी हा दुसरा सापळा. जुन्या इंग्लिश बंदुकांचे चेंबर अडीच इंचांचे, म्हणजे व्यवहारात ६५ मिलिमीटरचे. आजची बरीच काडतुसं ७० मिलिमीटरची. काडतुसावर छापलेली लांबी ही झाडून तोंड उघडल्यानंतरची असते. न झाडलेलं, घडी घातलेलं काडतूस त्याहून बरंच आखूड असतं. म्हणून ७०चं काडतूस ६५च्या चेंबरमध्ये अगदी सहज बसतं, बंदूक नीट मिटते आणि माणूस निर्धास्त होतो. बार निघाला की तोंडाची घडी पुढच्या निमुळत्या भागात उघडते, छऱ्यांची वाट अडते आणि दाब वाढतो. एका बाराने काही होत नाही, म्हणून ही सवय लागते. जोड ढिला होणं, दस्त्याला डोक्यापाशी चीर जाणं, ही त्याची फळं पुढे दिसतात. खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसं घ्या किंवा दुसरी कुठली, डब्यावरची लांबी आणि नळीखालचा छाप जुळवूनच घ्या.

आता हातात घेऊन काय बघायचं. बंदूक रिकामी असल्याची स्वतः खात्री करा. फोरएंड काढा, बंदूक मिटा, मुठीपाशी धरून हलकेच हलवा. खटखट आवाज आला तर जोड सुटला आहे. मग उजेडाकडे धरून नळ्यांचं तोंड आणि ॲक्शनचं (कळ बसवलेल्या लोखंडी चौकटीचं) तोंड यांच्यामध्ये बघा. प्रकाशाची रेघ दिसता कामा नये. वरची तरफ कुठे थांबते तेही बघा. नव्या, नीट बसवलेल्या बंदुकीत ती मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे थांबते. झिजत जाते तशी डावीकडे सरकते. मध्यरेषा ओलांडलेली तरफ म्हणजे खालचा बोल्ट बराच झिजला.

नळ्या सुट्या करून हुकाला बोट अडकवून लटकवा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. देवळातल्या लहान घंटेसारखा स्वच्छ, लांबणारा नाद आला तर रिबांचं (दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्ट्यांचं) डाख शाबूत आहे. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज किंवा भणभण आली तर कुठेतरी रिब सुटली आहे. सुटलेल्या रिबेखाली पाणी शिरतं आणि दोन नळ्यांच्या मधल्या पोकळीत वर्षानुवर्षं गंज चालू राहतो. वरून बंदूक काळीभोर, तेल पुसलेली. आत भिंत खाल्ली जात असते. गोव्यात ही तपासणी सर्वांत आधी करावी. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस आणि किनाऱ्याकडचा खारा वारा सोसलेल्या बंदुकीत रिब हीच पहिली कमजोर जागा.

नळीतून खिडकीच्या उजेडाकडे बघताना आत सावल्यांची कडी दिसतात. कडी गोल, एकात एक असतील तर नळी सरळ आणि बिनपोच्याची. एखादं कडं तुटलं, दबलं दिसलं तर तिथे पोचा आहे. पोचा काढता येतो, पण फुगवटा नाही. नळीत चिखल, फडकं किंवा अडकलेला वॅड (काडतुसातला बूच) असताना बार काढला की तो येतो. बाहेरून बोट फिरवलं तर कड्यासारखा उंचवटा लागतो. अशी नळी संपली.

स्क्रूंकडे नीट बघा. चांगल्या बंदुकीत स्क्रूंच्या खाचा केसासारख्या बारीक आणि सगळ्या नळीच्या दिशेने उभ्या रांगेत असतात. हातांनी जुळवलेले स्क्रू असेच बसतात. खाचांच्या कडा फाटलेल्या, खाचा वाकड्यातिकड्या असतील तर बाजारचा स्क्रूड्रायव्हर घेऊन कुणीतरी ती उघडली आहे. उघडून आत काय केलं असेल, विशेषतः चाप हलका करायला अडकणीवर कानस चालवली का, हे लगेच तपासा. पुढचा चाप साधारण पावणेदोन किलोच्या ओढीने सुटावा, मागचा दोन किलोच्या आसपास. त्याहून फार हलका असेल तर बंदूक घेऊ नका. चाप तपासताना स्नॅपकॅप (नकली काडतूस) घाला; रिकाम्या चेंबरवर घोडे पाडत राहिलं तर बॉक्सलॉकची टोचणी मोडते.

नळी कापून आखूड केलेली बंदूक कितीही स्वस्त मिळाली तरी तिला हात लावू नये. कापली की चोक (तोंडाजवळचा किंचित निमुळता भाग) गेला, आणि परवानगीशिवाय नळी आखूड करणं शस्त्र कायद्याच्या कलम ६ प्रमाणे गुन्हा आहे. तसंच कलम ८ प्रमाणे निर्मात्याचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण नसलेली बंदूक बाळगता येत नाही. जुन्या घरातल्या बंदुकांचे नंबर गंजाने किंवा वेड्यावाकड्या पॉलिशने पुसट झालेले असतात. परवान्यावरचा नंबर आणि नळीवरचा नंबर भिंगाखाली अक्षर-अक्षर जुळवून घ्या.

मार कसा बसतो, या बाबतीत महागड्या बंदुकीबद्दलचे गैरसमज सर्वांत जास्त आहेत. अधिकृत रेंजवर ३६.५ मीटरवर मोठा कागद लावा, एक बार काढा, छरे सर्वांत दाट पडले तिथे ७६ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ आखा आणि भोकं मोजा. इंग्लिश ६ नंबरचे ३२ ग्रॅम छरे म्हणजे ३०४ दाणे. पूर्ण चोकमधून सुमारे ७० टक्के, म्हणजे २१३ वर्तुळात पडावेत. अर्ध्या चोकमधून ६० टक्के, १८२. पाव चोकमधून ५५ टक्के, १६७. एका बारावर ठरवू नका, पाच-सहा कागदांची सरासरी काढा. या आकड्यांवर बंदुकीच्या किमतीचा परिणाम जवळपास शून्य असतो. चोकचं माप नीट असेल आणि काडतूस चांगलं असेल तर साधी बंदूक लंडनच्या बंदुकीइतकाच दाट मार देते. ‘इंग्लिश नळीचा मार लांब जातो’ हे नुसतं ऐकीव. छऱ्यांना किंमत कळत नाही.

फरक पडतो तो दोन्ही नळ्या एकाच जागी मारतात का, यात. शेजारी-शेजारी डाखलेल्या नळ्या किंचित एकमेकींकडे कललेल्या असाव्या लागतात, म्हणजे ३६ मीटरवर दोघींचे मार एकावर एक येतात. स्वस्त दुनळीत डाख देतानाच हा कल चुकतो; डावी नळी उजवीकडे, उजवी डावीकडे मारते. दोन नळ्यांच्या मध्यांत ३६ मीटरवर वीतभरापेक्षा जास्त अंतर पडत असेल तर ती बंदूक दुरुस्त होत नाही. नवी भारतीय दुनळी घेताना हीच चाचणी आधी मागा. जी बंदूक यात उतरते आणि टिचकीला वाजते, तिला विलायतीपेक्षा कमी लेखायचं कारण नाही. तिचा दस्ता थोडा बोजड असतो, जाळीदार खाचा हाताने कापलेल्या नसून दाबून उठवलेल्या असतात, वजन सव्वातीन-साडेतीन किलोपर्यंत जातं. वजनाचं वाईट वाटून घेऊ नका. जुना ठोकताळा असा की बंदूक छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावी. ३० ग्रॅमला पावणेतीन किलोच्या थोडी वर, ३६ ग्रॅमला जवळपास साडेतीन. हलक्या विलायती बंदुकीत जड काडतुसं घालणाऱ्याचा खांदा आणि दस्ता दोन्ही जातात.

मापाला बसणारा दस्ता ही महागड्या बंदुकीची आणखी एक खरी देणगी. मापून केलेली बंदूक खांद्याला लावली की डोळा आपोआप रिबेवर येतो. पण जुनी उंची बंदूक मापून केली होती ती दुसऱ्या कुणाच्या तरी अंगाला. इंग्लिश दस्ते चापापासून साडेचौदा-पंधरा इंचांचे. आपल्याकडच्या बांध्याला चौदा इंच बहुधा पुरतात. नाव बघून घेतली, दस्ता लांब निघाला, मग सुताराकडून कापून घेतली, अशी बंदूक दोन्हीकडून गेली: मापाला आली नाही आणि मूळ मोलही उतरलं.

सांभाळायचा भाग आता, आणि गोव्यात अर्धी लढाई इथेच आहे. मृगापासून चतुर्थीपर्यंत घरातली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर राहते. साठाच्या वर गेली की उघडं पोलाद गंज धरू लागतं. चामड्याच्या किंवा मखमली पेटीत बंदूक ठेवणं म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळणं. ती पेटी प्रवासापुरती. कुलपाच्या लोखंडी कपाटात, भिंतीला न टेकवता ठेवा. अर्धा किलो सिलिका जेल कापडी पिशवीत घालून तळाशी ठेवा, रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. कपाटात शून्याचा बल्ब लावायची गोव्यातली जुनी पद्धत चांगली आहे, फक्त तो तारेचा, तापणारा बल्ब हवा. एलईडीने उजेड पडतो, ऊब येत नाही. तेलाचं फडकं त्याच्याजवळ नको. नुसतं तापमान दाखवणारं यंत्र उपयोगाचं नाही, आर्द्रता दाखवणारं घ्या.

खोबरेल वापरू नका. घरोघरी हीच चूक होते. खोबरेल खवट होतं, त्यातली आम्लं पितळेवर हिरवट थर आणतात, थंडीत ते थिजतं आणि कळीच्या भागांत चिकटा धरतो. नळ्यांना बंदुकीचं खनिज तेल, तेही दोन-तीन थेंब फडक्यावर घेऊन. दस्त्याला जवसाच्या तेलाचे चार थेंब तळव्याने उष्णता येईपर्यंत चोळायचे, वर्षातून एकदा-दोनदा. बंदूक तोंड खाली करून ठेवा. दस्ता खाली ठेवला तर नळीतलं आणि कळीतलं तेल ओघळून दस्त्याच्या डोक्यात मुरतं, लाकूड काळं पडतं, स्पंजासारखं मऊ होतं आणि एके दिवशी बाराच्या धक्क्याने चिरतं. चाळीस-पन्नास वर्षांच्या जवळपास प्रत्येक बंदुकीत हा काळा डाग दिसतो.

गंज आलाच तर सर्वांत महागात पडणारी चूक काळ्या रंगाच्या कामात होते. दुनळीचा काळा रंग हळूहळू गंज आणून चढवायचा असतो. नळ्या तेलविरहित करायच्या, द्रावण लावायचं, दमट पेटीत तांबूस गंज येऊ द्यायचा, उकळत्या पाण्यात घालून तो काळा करायचा, तारेच्या मऊ ब्रशने घासायचा. असं सहा ते दहा वेळा. आठवडा सहज जातो. घाईचा कारागीर त्याऐवजी नळ्या कॉस्टिकच्या उकळत्या द्रावणात बुडवतो. एका तासात सुंदर निळा-काळा रंग येतो. एकनळीला किंवा पंप बंदुकीला ते चालतं. दुनळीच्या रिबा मात्र शिसं-कथलाच्या मऊ डाखाने लावलेल्या असतात, कॉस्टिक तो डाख खातं आणि उरलेलं क्षार रिबेखाली बसून आतून गंजवत राहतं. नव्यासारखी चमकणारी जुनी दुनळी विकायला आली की टिचकी मारून बघाच. आणि रंग करायला देताना तोंडी नव्हे, पावतीवर ‘गरम कॉस्टिक नको’ असं लिहून घ्या.

म्हणून निवाडा असा. पीव्ही किंवा एनपी छापाची, शाबूत भिंतीची, वाजणाऱ्या नळ्यांची, साध्या एक्स्ट्रॅक्टरची बॉक्सलॉक मिळाली तर नव्या भारतीय दुनळीच्या दुप्पट-अडीचपट पैसे द्यायला हरकत नाही. ते पैसे जोडात आणि पोलादात आहेत. त्यापलीकडचे नाव, नक्षी आणि टंचाई यांचे. नक्षीची आवड असेल तर मनापासून घ्यावी, ते हातकाम खरंच थोर आहे, पण कामाची बंदूक म्हणून नव्हे. वरची अट पुरी करणारी विलायती मिळाली नाही तर तपासून घेतलेली नवी भारतीय दुनळी बिनदिक्कत घ्या. आणि परवाना शेतीसंरक्षणाचा असला तरी रानडुकराला किंवा माकडाला मारायची मुभा त्यात नसते. १९७२चा वन्यजीव कायदा वेगळा लागू आहे.

राहिली निवडणूक. आचारसंहिता लागली की शस्त्रं ठाण्यात जमा करायचा आदेश निघतो आणि बंदूक काही आठवडे तुमच्या हाताबाहेर जाते. पंचायतीची निवडणूक २०२२ साली १० ऑगस्टला झाली होती, म्हणजे ऐन पावसात. जमा करायच्या आदल्या दिवशी नळ्या आतून-बाहेरून पुसा, नेहमीपेक्षा जाड तेलाचा हात द्या, कळीचे घोडे सुटे असू द्या म्हणजे कमानींवर ताण राहत नाही. फोरएंड काढून त्याखालची नळी, रिबेच्या दोन्ही कडा आणि हुकाच्या खोबणीत ब्रशने तेल लावा. बंदूक चामड्याच्या पेटीत नव्हे, तेल दिलेल्या सुती कापडाच्या पिशवीत द्या. पावतीवर निर्मात्याचं नाव, नंबर आणि नळ्यांची स्थिती लिहून घ्या. परत आली की घरी पोचताच फोरएंड पुन्हा काढा. तांबूस ठिपके पडले असतील तर ते तिथेच आधी दिसतात, आणि पहिल्या दोन दिवसांत तेल व बारीक स्टील वूलने ते डाग न राहता निघतात.